उभ्याने काढलेला फोटो

“कुशीवर वळा,” असं मी म्हणायच्या आतच हौसाक्का वळल्या होत्या.

डावी कूस खाली, गुडघे पोटाशी, दोन्ही हात डोक्याच्या वर. कमरेखाली जी पोकळी राहते तिथं त्यांनी चादरीची वळकटी स्वतःच सरकवली, गुडघ्यांच्या मधे घडी केलेलं कांबळं घेतलं आणि मान न हलवता विचारलं, “बगा साहेब, सरळ हाय का?”

मी टेबलाच्या पायथ्याशी जाऊन एक डोळा मिटून पाहिलं. पाठीचा कणा टेबलाला असा समांतर होता, की वर पाण्यानं भरलेली वाटी ठेवली असती तरी डचमळली नसती. मला करायला काही उरलंच नव्हतं. तरी उगीच त्यांचा खांदा बोटभर मागं ओढला आणि परत होता तिथं ठेवला.

शिशाच्या काचेमागं डॉक्टर शेवडे हाताची घडी घालून उभे होते. ते आमचे अधीक्षक. एरवी ते या खोलीत फिरकत नसत.

“श्वास सोडा,” मी म्हणालो. “सोडून तसाच धरा.”

त्यांनी तोही माझ्या आधीच धरला होता. यंत्र गुणगुणलं, खट्ट वाजलं.

“झालं?” डॉक्टरांनी विचारलं.

“झालं साहेब.”

“मगदूम, तुम्ही पाहिलंत ना? घरच्या अंथरुणावर वळावं तशी वळली बाई. चेहऱ्यावर आठी नाही.” एवढं बोलून ते निघून गेले. ‘बाई’ ऐकत असल्याची त्यांनी फिकीर केली नाही.

गोष्ट एक्क्याण्णव सालची. कासारडोहला आमचं तीस खाटांचं सरकारी रुग्णालय होतं आणि त्यातल्या एक्स-रेच्या खोलीचा मी नऊ वर्षं एकटा मालक होतो. यंत्र जुनं, लहान ताकदीचं. तरीही माझ्या फोटोंचं जिल्ह्यात नाव होतं. मणक्याचा फोटो काढणं हे आमच्या धंद्यात सगळ्यात किचकट काम. हाताचा, पायाचा फोटो कुणीही काढेल. मणक्याचा पेशंट दुखण्यानं वाकडा झालेला असतो आणि फोटो तर त्याला सरळ निजवल्याशिवाय येत नाही. वर्षाकाठी पाहणी करायला येणारे अधिकारी माझ्या पाकिटांतले फोटो काढकाढून उजेडाला धरायचे आणि म्हणायचे, “या असल्या यंत्रावर? कमाल आहे.” मी मान खाली घालायचो. विनयानं घालतोय असं दिसेल इतपतच.

हौसाक्का नलवडे आमच्याकडे आया होत्या. नोकरीला एकोणीस वर्षं झाली होती, वय सत्तेचाळीस. पेशंट उचलणं, वळवणं, स्ट्रेचरच्या गाड्यावरून खाटेवर आणि खाटेवरून टेबलावर घेणं, हे त्यांचं काम. चार महिन्यांपासून त्या कमरेवर हात ठेवून चालायला लागल्या होत्या. मग डावा पाय ओढायला लागल्या. केसपेपरच्या खिडकीवरची जागा तेव्हा रिकामी झाली होती. त्या सातवी शिकलेल्या, अक्षर टपोरं. त्यांनी अर्ज दिला: कंबर कामातून गेली आहे, उचलण्याचं काम झेपत नाही, खिडकीवर बसवावं.

डॉक्टर शेवडे वाईट माणूस नव्हते. उलट फार सरळ होते, आणि तिथंच घोळ होता. त्याच वर्षी त्यांनी कर्मचाऱ्यांची तीन खोटी दुखणी उघडकीला आणली होती. त्यातला एक शिपाई मणक्याची गादी सरकल्याचं प्रमाणपत्र लावून रजेवर गेला होता आणि साहेबांना शेजारच्या गावच्या जत्रेत कबड्डी खेळताना सापडला. तेव्हापासून कुणी कंबर धरली की साहेबांना जत्रा आठवायची. “दवाखान्यातलीच माणसं आजारी पडायला लागली तर पेशंटांनी जायचं कुठं?” असं ते म्हणत. हौसाक्कांचा फोटो स्वतः उभं राहून काढून घेण्यामागं हेच होतं.

डॉक्टर गेल्यावर मी टेबलाखालची फिल्मची कॅसेट काढून घेतली. हौसाक्का टेबलावरून उतरत होत्या. उतरून पाय जमिनीला लागले तशा टेबलाची कड धरून थांबल्या. बराच वेळ.

“अक्का, बरं आहे ना?”

“साहेब, एक सांगू का? निजल्यावर मला काय सुदीक हुत न्हाई. रातच्याला लेकराच्यावानी झोप लागती. उभं ऱ्हायलं, जरा वाकलं, वजन उचललं की मग कळ निगती ती पार टाचंपत्तूर. हाडं एकमेकावरनं सरकल्यागत वाटतंय. फोटो उभ्यानं काढा की.”

“उभ्यानं?”

“छातीचा काडता की उभ्यानं. तसाच कमरंचा काडायचा. जरा वाकवून.”

आता सांगायला हरकत नाही. त्या म्हणत होत्या ते बरोबर होतं आणि ते बरोबर आहे हे मला ठाऊक होतं. डिप्लोम्याच्या पुस्तकात त्यावर अर्धं पान होतं. पण आमच्या यंत्राची ताकद एवढीशी. उभ्या माणसाच्या कमरेचा बाजूनं फोटो घ्यायचा तर बटण कितीतरी वेळ दाबून ठेवावं लागणार, तेवढ्यात माणूस हलणार, फोटो धुरकट येणार. पुढच्याच आठवड्यात पाहणी होती. माझ्या पाकिटात धुरकट फोटो मला नको होता.

“चिठ्ठीवर तसं लिहिलेलं नाही अक्का,” मी म्हणालो. “लिहिलंय तेवढंच काढता येतं.”

“व्हय का,” त्या म्हणाल्या, आणि वळकटी सोडून चादरीची घडी घालायला लागल्या. पुढचा पेशंट बाहेर खोळंबला होता. त्याला टेबलावर त्यांनाच घ्यायचं होतं.

फोटो वाळला तसा मी डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी तो खिडकीच्या उजेडाला धरला. मग म्हणाले, “मगदूम, हा पुस्तकात छापण्यासारखा आहे हो.”

होताच तसा. कमरेचे पाचही मणके काठ आखून दिल्यासारखे. दोन मणक्यांमधल्या फटी अशा स्वच्छ, की त्यातून पत्त्यांतलं पान सरकवावं. डॉक्टरांनी शेरा लिहिला: दोष आढळला नाही, हालचाल सुलभ, नेमून दिलेलं काम चालू ठेवावं. पाहणीच्या अधिकाऱ्यांनी तो फोटो जिल्ह्याला नेला. मी मोठ्या आनंदानं दिला.

बाराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एका माणसाला बैलगाडीतून आणलं. चिंचा झोडपायला झाडावर चढला होता, तिथून पाठीवर पडला. चांगला नव्वद किलोचा गडी. शुद्धीवर होता आणि पाय बधिर झालेत म्हणून ओरडत होता. डॉक्टरांनी मणक्याचा फोटो सांगितला.

अशा माणसाला चुकीचा हलवला तर तो जन्माचा अंथरुणाला खिळतो. चादरीसकट उचलायचा, आणि डोकं, पाठ, पाय एका रेषेत, ओंडक्यासारखे. डोक्याची बाजू नेहमी हौसाक्का घ्यायच्या. हुकूम त्या द्यायच्या. त्या दिवशीही आल्या. पायाशी त्याचे दोन भाऊ, मधे मी.

“मी तीन म्हनलं की उचलायचं,” त्या भावांना म्हणाल्या. “आदी न्हाई, मागनं न्हाई. आनि रडायचं असंल तर आताच रडून घ्या. उचलताना कुनी रडायचं न्हाई.”

एक, दोन, तीन. माणूस वर आला. गाडा आणि टेबल यांच्यामधे हातभर अंतर होतं. त्या हातभर अंतरात हौसाक्कांचा डावा पाय त्यांच्याखालून निघून गेला.

त्या ओरडल्या नाहीत. गुडघ्यावर खाली गेल्या. खाली जाताना हात मात्र वरच राहिले, चादर दोन्ही मुठीत, कोपर टेबलाच्या कडेला टेकवलेले. त्या माणसाचं डोकं इंचभरही कलंडलं नाही. “सरकवा,” त्या खालून म्हणाल्या. “बगत काय बसलाय, सरकवा!” आम्ही सरकवला. तो टेबलावर पोचल्यावर त्यांनी मुठी सोडल्या आणि टेबलाच्या पायाशी आडव्या झाल्या.

मी त्या माणसाचे फोटो काढले. का, कसे, आठवत नाही. कमरेच्या वरचा एक मणका चेपला होता, पण जागेवर होता. पुढं तो दोन महिन्यांनी आपल्या पायानं घरी गेला.

आरडाओरडा ऐकून डॉक्टर शेवडे आत आले तेव्हा हौसाक्का अजून फरशीवरच होत्या. ते त्यांच्याशेजारी उकिडवे बसले.

“पाय हलवा बघू.”

हौसाक्कांनी हलवला.

“दुखतंय?”

“आता न्हाई साहेब. आता निजलोय न्हवं मी.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत जत्रा होती की नव्हती, मला सांगता येणार नाही. मी तोवर पाहणी विसरलो होतो, पाकिटंही विसरलो होतो.

“साहेब, उभ्यानं फोटो काढू या,” मी म्हणालो. “उभ्यानं, वाकवून. मी तेव्हाच काढायला हवा होता. त्या म्हणाल्या होत्या मला.”

“कोण म्हणाल्या?”

“ह्या.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“चिठ्ठीवर नाही म्हणालो.”

ते उठले. पेशंटला वॉर्डात हलवलं, दार लावून घेतलं. आम्ही दोघांनी हौसाक्कांना छातीच्या फोटोच्या चौकटीपाशी आणलं. त्या एकट्या उभ्या राहू शकत नव्हत्या, म्हणून मी शिशाचा एप्रन चढवून त्यांना पुढून धरलं. एक हात खांद्याला, एक खुब्याला. त्या जरा पुढं वाकल्या. डोळे गच्च मिटलेले, कपाळावरून घाम ओघळत होता, आणि आठ्या म्हणाल तर मोजता येत नव्हत्या.

मी त्यांना धरलेलं. मग बटण दाबणार कोण?

डॉक्टर शेवडे काचेमागं गेले. सतरा वर्षं डॉक्टरकी केलेला माणूस, पण त्यांनी ते यंत्र कधी हाताळलं नव्हतं.

“कुठलं बटण?”

“काळं. दाबून ठेवायचं. मी सोडा म्हणेपर्यंत सोडायचं नाही.”

त्यांनी दाबलं. मी मनात मोजत होतो. एक, दोन, तीन. हौसाक्का थरथरत होत्या आणि त्यांच्याबरोबर मीही.

तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट फोटो. तिरका आलेला, धुरकट, खालचा कोपरा पांढरा पडलेला, आणि एका कडेला माझी चार बोटं हाडांसकट उमटलेली. आठव्या दिवशीच्या शिकाऊ मुलानं असा काढला असता तर मी त्याला खोलीबाहेर काढला असता. पण त्या धुरातही एक गोष्ट दिसत होती. चौथा मणका पाचव्यावरून चांगला बोटभर पुढं सरकला होता. निजल्यावर तो आपसूक जागेवर जात होता आणि उभं राहिलं की पुन्हा सरकत होता.

डॉक्टरांनी तो ओला फोटो उजेडाला धरून पाहिला. मग आपल्या टेबलाशी गेले आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: आधीचा शेरा चुकीचा होता. खाली सही केली. असं लिहिणारा अधिकारी मी आधी पाहिला नव्हता, आणि नंतरही फारसे पाहिले नाहीत.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण काम बदलून द्यायला मंजुरी वरून लागायची, म्हणून कागद जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळाकडे गेला आणि तीन आठवड्यांनी उत्तर आलं. एकाच बाईचे, एकाच महिन्यातले दोन फोटो एकमेकांशी विसंगत आहेत. दुसरा तांत्रिकदृष्ट्या सदोष असल्यानं ग्राह्य धरता येत नाही. पहिला अत्युत्तम आहे. सबब अर्ज नामंजूर. संबंधित तंत्रज्ञाने मंडळापुढं हजर राहून खुलासा करावा.

हौसाक्कांनाही बोलावलं होतं. आम्ही दोघं एसटीनं गेलो. दोन तासांचा रस्ता, त्यातला एक तास खड्ड्यांचा. त्या मागच्या लांब बाकावर आडव्या झाल्या होत्या. कंडक्टर उठवायला आला तर म्हणाल्या, “बाबा, बसलो तर तुझ्या गाडीत वरडीन. निजू दे.” उतरताना मला म्हणाल्या, “साहेब, माज्यासाठी काय वाडवून सांगू नका. हाय तेवडंच सांगा. वाडवून सांगितल्यालं ह्या लोकास्नी लगीच कळतं.”

मंडळाच्या अध्यक्ष डॉक्टर मुजावर नावाच्या बाई होत्या, हाडांच्या तज्ज्ञ. दोन्ही फोटो त्यांच्यासमोर उजेडाच्या पेटीवर लावलेले.

“मगदूम तुम्हीच?” त्यांनी विचारलं. “हा पहिला तुमचा?”

“हो मॅडम.”

“तुम्हाला माहितीय का, नमुना म्हणून आम्ही हा सगळ्या तालुक्यांना दाखवला. मणक्याचा फोटो कसा असावा त्याचा.” मग दुसऱ्याकडे बोट केलं. “आणि हाही तुमचाच? ही बोटं कुणाची?”

“माझीच.”

शेजारचे दोन डॉक्टर हसले.

“मग आम्ही कुठला खरा मानायचा? सरळ सांगा. पहिला चुकीचा आहे का?”

हो म्हणणं सोपं होतं. पहिला बिघडला होता, गडबड झाली होती, काहीही म्हणता आलं असतं. अक्कांचं काम झालं असतं. नाही म्हटलं असतं तर माझं नाव राहिलं असतं.

“दोन्ही खरे आहेत मॅडम,” मी म्हणालो. “पहिला निजलेल्या बाईचा आहे. पण ह्या बाई निजून नोकरी करत नाहीत.”

कुणी हसलं नाही. डॉक्टर मुजावर खुर्चीवरून उठल्या आणि हौसाक्कांपाशी गेल्या.

“काय काम करता तुम्ही?”

“मानसं उचलतो बाई.”

“किती?”

“मोजली न्हाईत. दिसाला आट-धा धरा.”

तासाभरात जिल्ह्याच्या मोठ्या यंत्रावर उभ्यानं फोटो निघाला. तो धुरकट नव्हता. संध्याकाळच्या एसटीनं आम्ही हुकूम घेऊनच परतलो, आणि सोमवारपासून हौसाक्का केसपेपरच्या खिडकीवर बसायला लागल्या.

त्यानंतर जे झालं ते लक्षात यायला मला सहा महिने लागले. माझे फोटो बिघडायला लागले. यंत्र तेच, फिल्म तीच, मीही तोच. पण मणके तिरके यायचे, फटी बुजलेल्या दिसायच्या, एकेका पेशंटला तीनतीनदा निजवावं लागायचं. मी “कुशीवर वळा” म्हणायचो आणि पेशंट विव्हळायचा. पोकळी कुठं आहे, वळकटी किती जाड हवी, घाबरलेल्या म्हाताऱ्याचा खांदा काय बोलून सैल करायचा, हे सगळं नऊ वर्षं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. मी ते कधी शिकलोच नव्हतो. मी फक्त बटण दाबत होतो आणि मान खाली घालत होतो.

पुढच्या पाहणीनंतर मला ज्ञापन आलं. फोटोंचा दर्जा लक्षणीय घसरला आहे, कारण कळवावं. मी दोन दिवस विचार केला आणि एका ओळीत खुलासा लिहिला: ‘पेशंटला फोटोसाठी निजवण्याचे काम आजवर श्रीमती नलवडे करीत होत्या, त्या आता खिडकीवर असतात.’ सहीसाठी डॉक्टर शेवड्यांकडे नेला.

त्यांनी वाचला. चष्मा काढून पुसला, परत वाचला.

“खरं आहे,” ते म्हणाले. “पण हे कुठल्या रकान्यात बसणार? वरच्यांना कळायचं नाही हो मगदूम.” त्यांनी माझी ओळ खोडली आणि वर लिहिलं: ‘यंत्र जुने झाले आहे.’

ते मात्र वरच्यांना ताबडतोब कळलं. आठ महिन्यांत नवं कोरं यंत्र आलं. चौपट ताकदीचं, मोटारीवर खालीवर होणारं, आणि उभ्यानं फोटो काढायचा वेगळा स्टँडसुद्धा. उद्घाटनाला हार, नारळ, पेढे झाले. बसवायला आलेल्या इंजिनिअरनं सगळ्यांना ते फिरवून दाखवलं.

सगळे पांगल्यावर हौसाक्का आल्या. जेवणाची सुट्टी होती. त्यांनी यंत्राभोवती सावकाश एक फेरी मारली, टेबलावर तळहात फिरवला, मोटारीचं बटण दाबून टेबल वर नेलं, खाली आणलं.

“झ्याक हाय,” त्या म्हणाल्या. “समदं आपसूक हुतंय.”

“हो ना अक्का.”

“मानसाला वळवतंय का?”

“नाही.”

“मग असूं दे,” त्या म्हणाल्या. बाहेर खिडकीपाशी कुणीतरी केसपेपरसाठी काच वाजवत होतं. “आलो, आलो,” असं ओरडत, कमरेवर हात ठेवून त्या निघून गेल्या.